जुनी कॉन्टिनेन्टल घेऊ इच्छिणाऱ्यांस

मोटारींच्या बाजारात एक वर्ग असा आहे, की ज्याची नवी किंमत कानी पडताच सधन गृहस्थानेही विषय बदलावा, आणि पंधरा वर्षांनंतरची किंमत ऐकून त्याच गृहस्थाने खुर्ची पुढे ओढून बसावे. दोनच दारे, मागे बेताची बैठक, पुढे अजस्र एंजिन, आणि तरीही सहाशे-सातशे किलोमीटरांचा पल्ला एका दिवसात गाठून उतरणाऱ्याची पाठ शाबूत राहील अशी हमी, हे ज्या ‘ग्रँड टूरर’ जातीचे लक्षण, तिच्यातील बेंटली कंपनीची कॉन्टिनेन्टल जीटी मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या व्यवहारात आता वारंवार दृष्टीस पडू लागली आहे. आणि जी वस्तू नवी असताना एका कोटीच्या पुष्कळ वर होती ती एखाद्या नव्या मध्यम जर्मन गाडीच्या मोलात, क्वचित त्याहूनही स्वस्तात मिळते असे समजल्यावर ज्यांचे चित्त चळते असे वाचक थोडे नसावेत. त्यांना या नादापासून परावृत्त करावे असा आमचा हेतू नाही. गाडी खरोखरच असामान्य आहे. मात्र ती कोणती घ्यावी आणि कोणती सोडावी याविषयी बाजारात जे समज रूढ आहेत त्यांपैकी एक समज इतका घातक आहे, की त्याचाच समाचार प्रथम घेणे इष्ट.

तत्पूर्वी वंशपरिचय थोडक्यात. कॉन्टिनेन्टल हे नाव बेंटलीने १९५२ साली आपल्या आर-टाइप गाडीच्या एका वेगवान रूपाला दिले होते. १९९८ साली इंग्लंडातील क्रू येथील कारखाना फोक्सवॅगनच्या ताब्यात आला, आणि २००३ पासून तेथे जी कॉन्टिनेन्टल जीटी तयार होऊ लागली तिच्यात ५,९९८ घन सेंटिमीटरचे, बारा सिलिंडरांची रचना डब्ल्यू अक्षरासारखी दाटून बसवलेले, दोन टर्बोंचे एंजिन होते. अश्वशक्ती ५६०, टॉर्क ६५० न्यूटन-मीटर, चारही चाकांना शक्ती, सहा गतींचा झेडएफ कंपनीचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि ताशी ३१८ किलोमीटर हा कमाल वेग, हे आकडे विक्रेता आपणास न विचारता सांगतो. जो आकडा तो सांगत नाही तो वजनाचा: सुमारे २,४०० किलो. पुढे टायर, ब्रेक व बुश यांचा जो खर्च येतो त्याचे मूळ अश्वशक्तीपेक्षा या वजनात अधिक आहे.

आता तो घातक समज. ‘मालकाने गाडी फिरवलीच नाही, बारा वर्षांत अवघे अठरा हजार किलोमीटर,’ हे वाक्य दलाल ज्या आवाजात उच्चारतो, आणि ग्राहक ज्या मुद्रेने ऐकतो, ते पाहता कमी फिरलेली गाडी म्हणजे कोरी गाडी हे गणित उभयतांनी स्वयंसिद्ध मानलेले असते. लहान हॅचबॅकच्या बाबतीत त्यात काही तथ्य असेल. लांब पल्ल्यासाठी निर्माण केलेल्या, शेकडो विद्युत्-घटकांनी भरलेल्या आणि समुद्रकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षे तळघरातील पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र ते नेमके उलटे आहे. वीस हजार किलोमीटरांची निद्रिस्त कॉन्टिनेन्टल आणि सत्तर हजार किलोमीटरांची, दर वर्षी तेल बदललेली, महिन्यातून दोनदा तरी महामार्गावर नेलेली कॉन्टिनेन्टल यांतून निवड करावयाची झाल्यास आम्ही निःशंकपणे दुसरी घेऊ; आणि पहिलीपेक्षा ती स्वस्तही मिळेल, हा बाजाराचा आपणावर अनपेक्षित अनुग्रह समजावा.

असे का, ते पाहू. या गाडीच्या डिकीत दोन बॅटऱ्या असतात. एक एंजिन चालू करण्यापुरती, दुसरी उर्वरित सर्व विद्युत्-संसारासाठी. गाडी कुलूपबंद केल्यानंतर तिचे निरनिराळे कंट्रोल युनिट क्रमाक्रमाने निद्रिस्त व्हावेत अशी योजना असते. पण दाराच्या कुलपातील एखादी बारीक कळ बिघडली, की दार उघडेच आहे असा गाडीचा ग्रह होतो आणि ती जागीच राहते. आमचे मेकॅनिक लोक यालाच ‘गाडी झोपत नाही’ म्हणतात. तीन-चार आठवड्यांत बॅटरी उतरते, व्होल्टेज कमी झाले की अनेक युनिट एकाच वेळी दोषांच्या नोंदी करू लागतात, आणि मग कोणी तरी दुसऱ्या गाडीला वायरी जोडून ती कशीबशी चालू करतो. असे पाच-सहा वेळा घडलेल्या गाडीतील कोणता दोष खरा आणि कोणता केवळ उपासमारीचा, हे ठरवण्यातच कारागिराचे दोन दिवस जातात. दहा-बारा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीतील बॅटरीचा इतिहास मीटरवर लिहिलेला नसतो.

बॅटरी तरी बदलता येते. रबराचे तसे नाही. एंजिनाभोवती व्हॅक्यूमच्या नळ्यांचे जे जाळे आहे ते दोन टर्बोंच्या उष्णतेत कालांतराने कडक होऊन तडकते. एंजिनाची बांधणी इतकी दाट, की यांतील कित्येक नळ्यांपर्यंत हात पोहोचण्यासाठी एंजिन आणि गिअरबॉक्स खालून उतरवावे लागतात. नळी काही शे रुपयांची आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी काही लाखांची, असा हा प्रकार आहे. जो मालक गाडी नियमित वापरतो त्याच्या लक्षात आवाजातील किंवा ओढीतील फरक लगेच येतो व तो वेळीच उपाय करतो. जो वर्षातून चार वेळा सोसायटीच्या फाटकापर्यंत नेऊन आणतो त्याला काहीच कळत नाही, आणि ते न कळलेले सर्व काही आपल्या वाट्याला येते. चारही कोपऱ्यांतील हवेच्या सस्पेन्शनचीही हीच कथा: रबरी फुगा सुरकुतलेल्या अवस्थेत उभा राहून चिरतो, मग हवा गळू लागते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अहोरात्र राबतो आणि अखेर तोही जळतो. टायरची नक्षी नवीकोरी दिसली तरी त्याच्या बाजूवरील चार आकडे वाचावेत; पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. सात वर्षांचा टायर समृद्धी महामार्गावरील उन्हाळ्यात ताशी १२० च्या वेगाने तापवणे हे साहस आहे, आणि ते २,४०० किलोंच्या गाडीखाली करणे हा निव्वळ अविचार. पेट्रोलमध्ये आता इथेनॉलचे प्रमाण वाढले असून इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, हे गाडी उभी न ठेवण्याचे आणखी एक कारण; जेथे मिळेल तेथे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल भरावे, कारण या एंजिनासाठी शिफारस ९८ ऑक्टेनची आहे.

तेव्हा तपासणीला जाताना प्रथम विक्रेत्यास आदल्या दिवशी बजावून ठेवावे, की आम्ही येईपर्यंत एंजिन चालू करू नये. बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री झाल्यावरच किल्ली हाती घ्यावी. थंड एंजिन चालू होताना क्षणभर चेनचा खळखळाट, निळसर धूर, किंवा मिनिटभराने ठरलेल्या लयीत न बसणारी धडधड, या तिन्हींचे अर्थ वेगवेगळे असून तिन्ही महाग आहेत. गाडी रात्रभर एका जागी उभी होती का, हे विचारण्याऐवजी चारही चाकांवरील मडगार्डची उंची डोळ्यांनी पाहावी. एक कोपरा बसलेला असेल तर उत्तर मिळाले. पायाखालचे गालिचे उचलून त्यांच्या खालच्या थराला हात लावावा. काचेच्या बुडाशी पाणी वाहून जाण्यासाठी जी छिद्रे असतात ती झाडाच्या पानांनी बुजली, की मुंबईच्या पावसाळ्यात ते पाणी आत उतरते आणि गालिच्याखालील विद्युत्-घटकांपर्यंत जाते. वरचा गालिचा सुकवून सुगंध फवारणे सोपे असते, खालचा फोम आठ-आठ दिवस ओला राहतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा बुडालेल्या गाड्या पुढे कोठे कोठे गेल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, आणि त्यानंतरही पूर आलेले आहेत. म्हणून सीट-बेल्ट अखेरपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का तेही पाहावे.

मग गाडी लिफ्टवर चढवावी. पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मची बुशे, दोन्ही बाजूंची मिळून आठ आर्मची, आमच्या गतिरोधकांवर लवकर हार खातात. समोरच्या ब्रेक-डिस्कचा व्यास ४०५ मिलिमीटर आहे, तेव्हा त्यांच्या कडेवर खोल ओठ आलेला असेल तर किंमत ठरवताना तो अवश्य मोजावा. शेवटी स्कॅनर. पहिल्या पिढीतील कॉन्टिनेन्टलची विद्युत्-रचना फोक्सवॅगन कुटुंबातीलच असल्याने व्हीसीडीएससारखे उपकरण बाळगणारा जाणता मेकॅनिक तिच्या सर्व युनिटांच्या नोंदी काढू शकतो. या नोंदी आपण पोहोचण्यापूर्वीच पुसलेल्या असल्यास वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून पुन्हा वाचाव्यात. पुसलेले दोष फिरल्यावर परत येतात, आणि विक्रेता पुन्हा वाचू देण्यास कां-कूं करू लागला तर तेथून निघावे. निरनिराळ्या युनिटांत किलोमीटरांची नोंद स्वतंत्रपणेही राहत असल्याने मागे फिरवलेला मीटर कधी कधी येथेच उघडा पडतो.

निरनिराळ्या आवृत्त्यांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. २००७ पासूनची ‘स्पीड’ ६१० अश्वशक्तीची, २००९ ची ‘सुपरस्पोर्ट्स’ ६३० ची. हे आकडे आमच्या रस्त्यांवर शोभेचे. खर्चाची ज्यांना विशेष धास्ती आहे त्यांनी थोडे अधिक द्रव्य जमवून २०१२ पासून आलेली चार लिटर व्ही-आठ एंजिनाची दुसऱ्या पिढीतील गाडी शोधावी. ती हलकी आहे, इंधन कमी पिते आणि तिच्या एंजिनाभोवती माणसाचा हात शिरतो. परंतु जुन्या डब्ल्यू-बाराच्या त्या निःशब्द, अखंड ओढीची सर तिला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या डब्ल्यू-बारा एंजिनाचे उत्पादन २०२४ साली क्रूमध्ये थांबले.

कागदपत्रांचा विषय अनेक खरेदीदार दलालावर सोपवून मोकळे होतात. आमच्या मते गाडीच्या तपासणीपेक्षाही येथे अधिक वेळ द्यावा, कारण बिघडलेले एंजिन पैसे खर्चून सुधारते, बिघडलेला दस्तऐवज पैसे खर्चूनही सुधारतोच असे नाही. ही गाडी पूर्णतः आयात केलेली आहे. म्हणजे ती देशात कोणत्या मार्गाने आली हा प्रश्न तिच्या जन्मापासून तिला चिकटलेला आहे. अधिकृत विक्रेत्याने आणलेली असल्यास मूळ बीजक मागावे. कोणा खाजगी व्यक्तीने आणलेली असल्यास बिल ऑफ एंट्री आणि जकात भरल्याची पावती पाहावी, त्यांवरील चासी नंबर गाडीवरील चासी नंबराशी अक्षर-अक्षर ताडावा. वापरलेली मोटार आयात करण्यास आपल्याकडे कठोर अटी आहेत: ती तीन वर्षांहून जुनी नसावी, सुकाणू उजव्या बाजूस असावे, इत्यादी. परकीय वकिलातींतील अधिकाऱ्यांनी जकातमाफीत आणलेली गाडी जकात भरल्यावाचून खाजगी इसमास विकता येत नाही. यांपैकी कोठेही लबाडी झालेली असेल तर महसुली गुप्तचर खात्याचे अधिकारी दहा वर्षांनीही दारी येऊ शकतात, आणि जप्ती होते ती ज्याच्या ताब्यात गाडी असेल त्याच्या दारातून. ज्याने लबाडी केली त्याच्या नव्हे.

दुसरी गोष्ट बोजाची. कर्ज केव्हाच फिटले असे मालक शपथेवर सांगतो, ते खरेही असते. तथापि बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल करून आरसी बुकावरील नोंद उतरवण्याचे राहून गेलेले असते. ती उतरल्यावाचून बयाण्यापलीकडे एक रुपयाही देऊ नये. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० वर मालकाची सही प्रत्यक्ष मालकासमोर बसून घ्यावी. ‘कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवली आहे’ किंवा ‘मुखत्यारपत्र आहे’ या बोलण्याचा अर्थ बहुधा असा, की मधल्या दोन मालकांनी गाडी आपल्या नावावर करून घेतलीच नाही. थकलेली ई-चलाने आपणच पाहावीत. अशा गाड्यांवर ती पुष्कळ असतात, त्याचे कारण सांगण्याची आवश्यकता नाही.

परराज्यातील गाडी स्वस्त का, याचा विचार घेण्यापूर्वी करावा. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील वयस्क गाड्या दक्षिणेकडे सरकू लागल्या. पुदुच्चेरीच्या क्रमांकाची उंची गाडी तर बहुधा कर वाचवण्यासाठीच तेथे नोंदवलेली असते. अशी गाडी महाराष्ट्रात आणल्यास नमुना २८ वरील ना-हरकत दाखला लागतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी करावी लागते, आणि येथील कर नव्याने भरावा लागतो. आयात केलेल्या गाडीवर तो सामान्य गाडीपेक्षा चढ्या दराने आकारतात. वयानुसार त्यात घट मिळते हे खरे, पण मुळातील किंमतच अशी की घटलेला आकडाही पोटात गोळा आणतो. पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क सामान्य मोटारीस ५,००० रुपये असताना आयात मोटारीस ते २०२२ पासून ४०,००० आहे, आणि २०२५ पासून वीस वर्षांपुढील आयात मोटारीस ८०,०००. २००५-०६ ची कॉन्टिनेन्टल पाहत असाल तर हा खर्च दारातच उभा आहे असे धरून किंमत बोलावी.

विम्याविषयी एक सूक्ष्म गोष्ट सांगून ठेवतो. झीरो डेप्रिसिएशनचे संरक्षण इतक्या जुन्या गाडीस सहसा मिळत नाही, आणि सामान्य पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी कापली जाते. समोरचा बंपर आणि त्यामागील प्लास्टिकचा पसारा पाहिला, म्हणजे किरकोळ धडकेतही स्वतःच्या खिशाला किती चाट बसेल याचा अंदाज येतो. एंजिनात पाणी शिरण्याचे संरक्षण निराळे विकत घ्यावे लागते; मुंबईकराने ते घ्यावे. विमा आपल्या नावावर करण्यासाठी हस्तांतरानंतर चौदाच दिवस असतात, ही मुदत दलालाच्या लक्षात कधीच राहत नाही.

आमचा नियम असा, की खरेदीच्या रकमेचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी निराळा काढून ठेवता येत नसेल, तर गाडी परवडत नाही असे समजावे, विक्रेत्याने हप्ते कितीही सुलभ करून दिले तरी. याचे साधे कारण, गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. शोरूममधील नव्या गाडीस कॉम्प्रेसर ज्या दराने मिळतो त्याच दराने तो आपल्या वीस वर्षांच्या गाडीसही घ्यावा लागतो. थोडा दिलासा एवढाच, की कित्येक भाग फोक्सवॅगनच्या फेटन किंवा ऑडीच्या ए-आठशी समाईक आहेत, आणि बेंटलीच्या पेटीतून बाहेर काढून तेच भाग कमी किमतीत मिळवून देणारा कारागीर मुंबई, पुणे येथे असतो. गाडी शोधण्यापूर्वी त्याला शोधावे. तपासणीस त्यालाच न्यावे, त्याच्या वेळेचे मोल न मागता द्यावे, आणि ‘साहेब, ही सोडा’ असे तो म्हणाला तर रंग कितीही आवडला असला तरी सोडावी.

गाडी घरी आल्यानंतर बॅटरी-मेन्टेनर कायम जोडता येईल असा प्लग पार्किंगच्या जागेवर असणे हे जवळजवळ अपरिहार्य आहे. सहकारी गृहसंस्थेची परवानगी लागत असल्यास ती आधीच लेखी घ्यावी, नंतर कार्यकारिणी आपल्या गाडीकडे पाहून विजेच्या बिलाविषयी अकारण जागरूक होते. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून पावसाळ्यात बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून पाहावे. आणि महिन्यातून निदान दोन वेळा, पहाटे, रस्ता मोकळा असताना, शे-दीडशे किलोमीटर गाडी न्यावी. मुंबईहून खंडाळ्याचा घाट चढून परत येणे एवढेही पुरते. शहरात ती लिटरला चार किलोमीटरही कष्टाने देते, महामार्गावर बरे देते, आणि मुख्य म्हणजे तेल, कूलंट व गिअरबॉक्स आपापल्या योग्य तपमानाला पोहोचून तेथे काही काळ राहतात. भरधाव फेरीनंतर एंजिन एकदम बंद न करता शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावेत, म्हणजे टर्बो निवतात. त्यानंतरही उतरल्यावर पंखा काही मिनिटे फिरत राहिला तर घाबरून वॉचमनला हाक मारू नये. मात्र तो अर्ध्या तासानेही थांबला नाही, तर त्याच संध्याकाळी मेकॅनिकला फोन करावा.